दवबिंदूचा श्रावण

...आणि साल विचाराल तर तिथंच घोडं अडतं! चोपन्न असेल, पंचावन्न असेल... पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता आणि आमचे घरमालक सोपानराव तिथं कामाला लागले होते, एवढं नक्की; म्हणजे बहुतेक नक्की. काही चुकलंच तर, तुम्हाला सांगतो, चूक माझीच असणार!

एम.एस्सी.च्या प्रबंधाला माणसानं विषय काय घ्यावा? ऊस घ्यावा, ज्वारी घ्यावी! मी घेतला दवबिंदू. बोटभर झाड, पानांवर चिकट थेंब. दव समजून माशी बसली की अडकलीच, मग पान सावकाश वळतं आणि तिला पचवून टाकतं. ते चिखलीच्या ओल्या माळावर सापडायचं, म्हणून मी चिखलीत सोपानरावांच्या पडवीत मुक्काम ठोकला. कुंड्या दोन. महिन्यानं सर पुण्याहून बघायला येणार. झाड जगलं तर पदवी, मेलं तर... वडिलांना तोंड कसं दाखवायचं, सांगा!

सोपानरावांच्या छबूबाईंनी विचारलं, "मास्तर, ह्ये खातंय काय वो?"

मी शहाणा! कौतुकानं सांगितलं, "माश्या, डास, मुंग्या."

झालं! "उद्यापासनं श्रावन! माझ्या घरात कांदा शिजत न्हाई, आन् ह्ये जित्ती माशी गिळनार? न्हाई चालायचं!"

"अहो काकू, त्याचा स्वभावच आहे तो."

"आमच्या ह्यांचाबी सभाव हाय कोंबडीचा. पाळत्यात का न्हाई महिनाभर?"

सोपानरावांनी भाकरीत मान घातली. एका कुंडीवर छबूबाईंनी जुन्या लुगड्याचं विरविरीत फडकं बांधलं आणि ती वळचणीखाली ठेवली. पाणी पागोळ्यांचं, बाकी कडक उपास! दुसरी मी गोठ्यात पळवली. तिथं माश्या मुबलक, पण माझा जीव थाऱ्यावर राहील तर ना! पोट भरत असेल का त्याचं? मग चिमट्यानं अंड्याचे कण, विहिरीचं पाणी तांब्या तांब्या, वर मूठभर शेणखत...

"मास्तर, जावई हाय का काय वो त्यो?" सोपानराव म्हणाले. तेव्हा हसलो मी. चूक माझीच!

सर आले त्या सकाळी माझं झाड काळं पडून सडलेलं. तेवढ्यात छबूबाईंनी दुसरीवरचं फडकं उचललं... आणि काय सांगू, गुलाबी फुलं!

"वा! आहार काय दिलास?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत छबूबाई म्हणाल्या, "काय बी न्हाई. श्रावन पाळलाय त्यानं."

सर हसले, फुलं मोजली, वहीत लिहून घेतलं. पदवी मिळाली मला, उपास केला झाडानं! श्रावण सरल्यावर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी छबूबाईंनी स्वतः गोठ्यातली एक माशी आणून पानावर ठेवली, "घे लेकरा, सोड उपास." तो आवाज मात्र अजून कानात आहे हो...

पुढं प्राध्यापक झालो, तरी म्हणत राहिलो, फडक्याला भोक असणार, मुंगी शिरली असणार! शेवटी अकरा वर्षांनी कॉलेजात नीट प्रयोग लावला. बारीक जाळीखाली, नुसत्या पावसाच्या पाण्यावर ठेवलेली झाडं फुलली. अंडं, विहिरीचं पाणी आणि खत दिलेली सडली. मला पटेना, म्हणून पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा... तिन्ही वेळा तेच!

तेव्हा साल सोडा, आता हे तरी मी खात्रीनं सांगू शकतो: चूक माझीच होती.