शीट भरली की निघू

…तसं नाय दादा, शीट भरली की निघू. तुमी पुढं आरामात बसा, पिशवी पायाशी घ्या. गडावरनं आलात न्हवं? बुटांवरनंच दिसतंय. घाई काय, सगळ्यांनाच असती. पण कशेळ्याहून कर्जतला जीप अशी रिकामी काढायची पद्धत नाय आमच्यात — आता ते जर्मनीत, तिथं बस रिकामीच निघती म्हणं. आत एक माणूस नाय, तरी टाईम झाला की निघाली. मी व्हिडिओत बघितलं ना. डायवर एकटाच, तोंड पाडून बसलेला. बोलणार कुणाशी? मला तर ते बघून जेवण गेलं नाय. तुमी म्हणाल, ह्या वाल्मिकला कशाला पायजे जर्मनी? सांगतो — ए मावशी, भरली ही, भरली, मागची जीप धर, जैतूची — नाय दादा, भरली नाय, पण मावशीच्या टोपलीत सुकट होती. तुमाला वास सोसला नसता.

तर मधल्या शीटवर जांभळ्या ओढणीतली — वळून बघू नका — ती माधवी. आमची बायको. खोपोलीला हास्पिटलात नर्स हाय. जर्मनीत त्यांना नर्सा पायजेत, हिला काम मिळतंय. आज मुंबईला त्या भाषेची परीक्षा. पास झाली की आमी दोघं जाणार, मी नवरा म्हणून. कानात वायरी घातल्यात ना, त्यात जर्मन चालू हाय. बाजूला फटाका फुटला तरी कळायचं नाय तिला. म्हणून तर तुमाशी मोकळं बोलतोय.

आता फायदा नाय असं मी म्हणत नाय. पगार बरा. रस्ता तर असा की खड्डा औषधाला नाय. पण मंग डोळा लागंल की माझा — हितं खड्डाच आमाला जागं ठेवतो. अन् स्टेरिंग डाव्या बाजूला. म्हंजे शीटवरचा माणूस माझ्या उजवीकडं. आता मी इतकी वरसं डावीकडं तोंड करून बोलतोय, मान वळणार हाय का? परवा सराव म्हणून तुमी बसलाय त्याच शीटवर बसलो अन् हवेत स्टेरिंग फिरवत होतो, तर पोशानं, मागल्या जीपवाल्यानं, बघितलं. सगळ्या नाक्याला सांगून आला, वाल्मिकला वारं लागलं. अन् हारन वाजवायचा नाय म्हणं. शिवी दिल्यासारखं समजतात. तुमीच सांगा, पाव्हण्याच्या दारावरनं गाडी न्यायची अन् हारन द्यायचा नाय — पाव्हणा रुसंल का नाय? रविवारी आवाज करायचा नाय, असं बी हाय. मंग हळद कधी लावायची माणसानं, डीजे काय कानात लावायचा? अन् सुका जवळा घरात भाजला की छताला भोंगा असतो तो बोंबलतो, खाली बंबवाले हजर. जवळ्यासाठी बंब, दादा. माधवी म्हणते, खिडकी उघडून भाजू. खिडकी उघडली की थंडी आत. मी माथेरानला गेलो तरी कानटोपी काढत नाय.

ओ काका — नाय, भरली, मागची धरा. हां, तीच, जैतूची, बसा बसा. — काय? बघितलंत होय? नाय, काकांच्या हातात कोंबडा होता ना, तो चोच मारतो. ओळखतो मी त्या कोंबड्याला. — अन् ती पोरं? पोरं लई बडबड करतात. — बरं, असू दे. भरली असती. मगाशीच भरली असती, मान्य. मंग काय झालं असतं? कर्जतला वेळेवर पोचलो असतो, हिला मुंबईची लोकल मिळाली असती, ही हुशार, पास झालीच असती. मंग? मला भ्या वाटतंय, दादा. हितं रस्त्यात कुणी बी हात केला तर मला त्याचं नाव ठावं, त्याच्या बैलाचं बी नाव ठावं. तिथं दूध आणायचं झालं तरी मी हिला विचारून जाणार, पिशवीवर काय लिवलंय ते. अन् ही एकटीच गेली तर — त्याचा मी विचारच करत नाय. ती नसंल तर मी घरी जायचोच नाय, ह्याच गाडीत झोपीन. पण तिला जाऊ नको म्हणायची बी ताकद नाय माझ्यात. म्हणून आपलं हे — गाडी भरंना. गाडीच भरली नाय तर माझा काय दोष?

बघा, अजून अभ्यासच चाल — माधवी? कुठं गेली? आत्ता तर हितं होती. तुमी बघितली? मगाशी उतरली? अन् सांगितलं नाय मला? — हां, मीच बोलत होतो, बरोबर. कुठं? जैतूच्या गाडीत? अरं देवा, जैतूची तर मीच भरली की.

थांबा, तिचाच फोन. — हां. — हां गं. — कधीपासनं? — बंद होतं तर मंग कानात घातलंस कशाला? — सगळं ऐकलंस? दुधाचं बी? — नाय, तसं नव्हतं गं, काकांचा कोंबडा खरंच — बरं. बरं. — नाय, मी नाय रडत, डिझेलचा धूर हाय. — अगं पण गाडी हितं टाकून? — ऱ्हाऊ दे. नको रागवू. — येतो म्हणलं ना. परीक्षा होस्तवर बाहेर बसतो. मंग बघू पुढचं, दोघं मिळून बघू.

दादा, जैतूची एकच शीट ऱ्हायलीय म्हणते, त्यावर तिनं पर्स ठेवलीय. माझ्यासाठी. मी बसलो की निघणार. — तुमी? तुमी कसं बसणार, एकच शीट हाय. पोशाच्या गाडीत जा, आता त्याचा नंबर. अन् ही चावी त्याला द्या — तो बघा, निळा शर्ट, हसतोय तो. काय विचारलं तर सांगा, वाल्मिक बायकोबरोबर गेला. उतरा आता, जैतू थांबायचा नाय.