स्टूल घरी राहिलं
आमच्या आईचं कसं आहे, येते म्हणाली की येतेच. मी डर्ट बाईक घेतल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. पण रविवारी तिला त्या उंच सीटवर चढवायला किचनमधलं स्टूल त्यांनीच खाली आणलं. नंदाखाल गावच्या केळीच्या वाड्यांमधून, कच्च्या रस्त्यानं आम्ही राजोडीच्या किनाऱ्यावर पोचलो.
म्हटलं, "उतर, पाण्यात जाऊ."
"उतरू कशी? स्टूल घरी राहिलं."
"मी उचलून घेतो."
"नको, लोक बघतायत."
मग समुद्र, चहा, भजी, सगळं तिनं सीटवर बसूनच केलं.
परत आलो तर बाबा गेटपाशी त्याच स्टुलावर बसलेले. तिला हात धरून हळूच उतरवलं आणि महिन्याभरानं माझ्याशी बोलले,
"मागं स्टूल बांधता येईल का रे?"