काळ्यावर काय दिसणार

माझं माहेर राजापूरच्या बाजूचं, पाच बहिणींत मी चौथी, त्यामुळे मला कोणी काही मुद्दाम सांगितलंच नाही. मोठी करते ते बघायचं आणि आपण करायचं. पाळीचं तर काय, पडवीच्या कोपऱ्यात बसायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, झालं, उठ आणि भांडी घास. पण संपलं ते ओळखायचं कसं, हे कोणी कोणाला विचारलेलंच नाही. काय सांगू तुम्हाला ताई, लग्न होऊन कळव्याला आली तरी मला ते माहीत नव्हतं.

आमचे हे वागळे इस्टेटला कारखान्यात. चाळीत एक खोली, एक मोरी, माणसं चार, कोपऱ्यात बसणार कुठे? सासूबाई, त्यांना मी आये म्हणते, त्या बोलल्या दारापाशी चटई टाक आणि देवाच्या फळीला हात लावू नको, बाकी चालेल. त्यांना टेन्शन वेगळंच, पाळीच्या कापडाच्या घड्या वाळत घालायच्या कुठे? ग्यालरीतनं अख्खी चाळ येणार जाणार. मग त्यांनी आपलं जुनं काळं लुगडं फाडलं आणि त्याच्या घड्या मला दिल्या, काळ्यावर डाग दिसत नाही म्हणून. त्या पण दोरीवर साडीच्या खाली वाळवायच्या. आये बोलल्या तसं मी केलं.

आणि त्या वर्षी गौर आली पूर्वा नक्षत्रात. आमच्यात नव्या सुनेचा पहिला ववसा पूर्वा गौरीलाच होतो, सुपं भरून गौरीपुढे ओवाळायची, मग मोठ्यांना द्यायची, त्याच्याशिवाय सून घरची झाली असं धरत नाहीत. चुकला तर परत पूर्वा येईल तेव्हा, दोन वर्षं का चार, कोण सांगणार. माझा भाऊ सुपं डोक्यावर घेऊन यष्टीतनं आलेला, नवी कोरी, हळदकुंकू लावलेली. आणि मी गणपतीच्याच दिवशी बाहेरची झालेली!

गौर घरात आली तोवर माझं चौथ्या दिवसाचं न्हाणं झालेलं. पण आयेंचं म्हणणं, चुलीला चौथा दिवस चालतो, गौरीला चालत नाही, पुरतं जायला हवं. सारखं विचारायच्या, गेलं का गं? मी काय सांगू? काळ्या घडीवर ओल आहे ती पाण्याची का कसली तेच कळेना. हो म्हटलं आणि नसलं गेलेलं तर गौर कोपेल, नाही म्हटलं तर ववसा गेला. मी सुपांकडे बघून रडायला लागली. भाऊ बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला.

आमच्या चाळीची मालकीण तिथल्याच गावातली, आगरी, काकू म्हणायचो आम्ही. ती गौर बघायला आलेली, मला रडताना बघून तिनं सगळं काढून घेतलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, अगो पोरी, कालं फरकं तुला काय सांगल? पांढरं घे. संध्याकाळी बघ, सकाळी बघ. पिवलट, तपकिरी काय पन दिसला तर हाय अजून. सकालचा कोरा निंगाला तर गेला.

आता पांढरं कुठनं आणायचं? घरात पांढरं एकच, सासऱ्यांचं पूजेचं नवं धोतर, घडी पण मोडलेली नाही. आयेंनी एकदा गौरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि टर्रकन फाडलं की हो! सासऱ्यांना सांगितलं, उंदरांनी कुरतडलं. मग सासरे दुसऱ्या दिवशी लेंगा घालून पूजेला बसले, अजून आठवलं की मला हसू आवरत नाही.

संध्याकाळी तपकिरी दिसलं, अगदी पुसट. मी दुसरी पांढरी घडी घेतली. सकाळी मोरीत गेली, घडी उलगडून बघितली, परत बघितली, मला खरंच वाटेना. आये दाराबाहेरच उभ्या. त्यांनी आत हात घालून घडी घेतली आणि गेल्या सरळ ग्यालरीत, उन्हात दोन्ही हातांनी वर धरली. ज्या बाईनं काळं लुगडं फाडलं लोकांना दिसू नये म्हणून, ती बाई! चाळीतल्या बायका नळावरनं बघतायत आणि ह्या बोलतायत,

"कोरं आहे गं, कोरं आहे! भर सुपं!"

आणि मग रडायला लागल्या. म्हणाल्या, माझा ववसा अंदाजानं झालेला गं, घरात काही वाईट झालं की मला वाटायचं, त्याच्यामुळेच. मी त्यांच्या गळ्यातच पडली.

पहिलं सूप मी त्यांच्याच हातात दिलं.

आता माझी मुलगी दहावीला आहे. तिला मी पहिल्यापासून पांढरंच दिलं, काळं लुगडं फेकून दिलं. थोडं असलं तर देवाला काय होतं गं आई, असं ती विचारते, मी म्हणते तुझी तू ठरव. आयेंना आता नीट दिसत नाही, पण गौरी आल्या की खाटेवरनं विचारतात, गेलं का गं? आणि ही मोरीतनं चार खोल्यांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडते, गेलं आज्जी! आमचे हे पेपर तोंडावर धरतात. मी म्हणते ओरडू दे. तुमच्या घरी लेक असेल ताई, तर तिलापण असंच ओरडता येवो.