भानुदासची एक रिकामी चौकट

मंडळी, हातातली कामं टाकून तुम्ही सगळे आलात. भानुदासच्या या शोकसभेत मला बोलायला उभं केलंत. अडखळलो तर सांभाळून घ्या.

परवा सोमवारी सकाळी मारुतीपुढं दिवा लावला आणि सवयीनं भानुदासच्या पिठाच्या गिरणीकडं वळलो. सोमवार म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉलचे निकाल. दारात गेल्यावर आठवलं, निकाल सांगणारा आता नाही.

ती भिंत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. दळण टाकून बसलं की समोर तीच. शेकडो चौकटी. जिंकणाऱ्याचे गुण आडवे, हरणाऱ्याचे उभे. ज्या आकड्यांवर आजवर एखादा सामना संपला, ती चौकट गेरूनं भरलेली. त्या खेळात गुण कधी सहा मिळतात, कधी तीन, कधी दोन, कधी एक. म्हणून काही निकाल नेहमीचे, तर काही शंभर वर्षांत एखादवेळी. त्र्याहत्तर-शून्य झाला. दहा-चार झाला. आपण चेष्टा करायचो, "भानुदास, ज्वारी सोडून आकडे काय दळतो रं?" तो म्हणायचा, "तुझं दळण झालं न्हवं? मग पीठ उचल आन् नीघ."

एका चौकटीवर मात्र त्याचा जीव होता. सहा-एक. नियमात बसते, पण कधी घडलेली नाही. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तो शकूवहिनींना म्हणाला, "अगं, सहा-एक भरल्याबिगर मी जातोय व्हय? लई वर्षं हायत अजून." आपण हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ते मनात धरून ठेवलं.

मीही मारुतीला तेच मागत होतो. नियमात बसतं ना देवा? मग याचं जगणं घडू दे. एकदाच घडू दे. नाही घडलं. आता हात जोडतो, पण मागायला काही सुचत नाही.

सुतक फिटलं, सगळ्या घराला, गिरणीला चुना दिला. त्या भिंतीला वहिनींनी कुणाला हात लावू दिला नाही. दिवसभर तिच्यासमोर बसतात. परवा मला म्हणाल्या, "भावजी, भरली का चौकट?"

"न्हाई, वहिनी."

"मग हे गेलं कसं? येतील. आलं की जेवीन."

ताट तसंच होतं. काय सांगायचं होतं मी या माउलीला? तुम्ही सांगा, काय सांगायचं होतं?

वहिनी, तुम्ही समोर बसला आहात. सगळ्यांदेखत सांगतो. मघाशी सूनबाई तुम्हाला इकडं सभेला घेऊन आली, तेव्हा मी गिरणीत होतो. ती भिंत मी चुन्यानं पांढरी केली. भरलेल्या चौकटी गेल्या, रिकाम्याही गेल्या, तुम्ही वाट बघत होता ती सहा-एकही गेली. त्याची सारी मेहनत माझ्या हातानं पुसली. मला बोल लावा, हवं तर पुन्हा दारात उभं करू नका. पण तो येणार नाही, वहिनी. आज दोन घास खा.

मंडळी, उभे राहा. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.