ओटीपी आकाशच्या फोनवर

कस्तुराबाई : ये, अशी जवळ सरक तेजल. त्या खुर्चीत न्हाई, हितं माज्या सतरंजीवर. बुवा टाळकऱ्यांना थांबवून गोष्ट सांगत्यात ना, तशी एक सांगते. मधी उठायचं न्हाई.

तेजल : कस्तुरामावशी, गोष्ट ऐकते, पण आधी हे टॅबवरचं संपवू. तुमच्या वाडीतल्या सगळ्या गरोदर बायकांची नावं भरली, एक प्रतीक्षाच राहिलीय. आठवा महिना, आणि तीन आठवडे उपकेंद्रात आलेली नाही. तुम्ही इथल्या आशाताई. कुठंय ती?

कस्तुराबाई : तिचीच तर गोष्ट हाय. तळेगावास्नं संस्थेचा ह्यो टॅब घिऊन आलीस, तवा तू आमाला काय शिकवलंस?

तेजल : बाईच्या कानाला हेडफोन लावायचा. आतला आवाज विचारतो, घरात कुणी मारतं का. मारत असेल तर लाल गोल दाबायचा. तोंडानं काही बोलायचं नाही, म्हणजे शेजारी बसलेल्याला कळत नाही.

कस्तुराबाई : लय पटलं बघ मला. आमचे बुवा म्हणत्यात, मुक्याचं गाऱ्हाणं देवाला आधी ऐकू जातं. म्हणलं, देवानंच हेडफोन धाडला. मग प्रतीक्षा आली तपासणीला, संगं सासू, धोंडाबाई. ती मला म्हणती, "मलाबी लाव की कानाला, अभंग हायेत का?" म्या म्हणलं, आहाराची म्हायती हाय, पालेभाजी खा म्हणून सांगतंय. तर म्हणती, "मग र्‍हाऊ दे, तिलाच ऐकव."

तेजल : आणि प्रतीक्षा?

कस्तुराबाई : तीनदा ऐकलं तिनं. मग बोट लालवर गेलं. माज्याकडं बघितलं. म्या तोंड फिरवलं, सासूला संशय नको म्हणून. तिला काय वाटलं असंल गं?

तेजल : तुम्ही बरोबरच केलंत. पुढं आमच्या समुपदेशक ताईंचा मेसेज जातो तिला.

कस्तुराबाई : गेला. आकाशच्या फोनवर.

तेजल : नवऱ्याच्या? असं कसं होईल?

कस्तुराबाई : तिसऱ्या म्हैन्यात नाव कुणी नोंदवलं? म्या. नंबर घातल्याबिगर पान पुढं सरकत न्हाई. तिच्याकडं कुटला फोन? आकाशचा घातला. ओटीपी त्याच्याच फोनवर आला, त्यानंच वाचून दाखवला, हासत हासत. माज्या वहीत एकेचाळीस बाया हायेत, त्यात छत्तीस नंबर नवऱ्यांचे. समद्या आशा असंच भरत्यात.

तेजल : आणि टॅबनं नोंदणीतला नंबर उचलला. मावशी, हे आम्ही तपासलंच नाही.

कस्तुराबाई : त्याच सांजच्याला त्याची मोटारसायकल माज्या दारात. म्हणला, "मावशी, वाचा. 'ताई, तुम्ही एकट्या नाही. मारहाण सोसू नका.' ही कोण ताई माज्या फोनात?"

तेजल : तुम्ही काय म्हणालात?

कस्तुराबाई : सरकारी हाय बाबा, समद्यांनाच येतो म्हणलं. तर म्हणतो, "शेजारची उम्मेहानीबी पोटुशी हाय, तिच्या नवऱ्याला का न्हाई आला?" इचारून आलता त्यो. गळ्यात तुळशीची माळ घालून खोटं बोलले, तेबी पुरलं न्हाई.

तेजल : मग?

कस्तुराबाई : सकाळी बघते तर त्या दोघांच्या खोलीला कुलूप. त्यो लोणावळ्याला बंगले सांभाळतो, पावण्यांच्या चाव्या त्याच्याकडं. सासू म्हणती, हवापालटाला नेली. कुटल्या बंगल्यावर, ते सांगत न्हाई. चार दिवस हिंडले. फाटकापाशी कोण उभं करतंय? एक वॉचमन म्हणला, "चिक्की नको, म्हातारे, जा."

तेजल : पोलिसांत जायचं होतं.

कस्तुराबाई : गेले की. तिच्या आईला, विठाबाईला, संगं घिऊन. ते म्हणले, नवरा बायकूला घिऊन गेला, त्यात तक्रार कसली? मारतो म्हणता तर पुरावा दाखवा. म्या म्हणलं, टॅबात हाय, लाल गोल.

तेजल : ते गुप्त असतं. मलासुद्धा उघडता येत नाही.

कस्तुराबाई : व्हय. तुला न्हाई, मला न्हाई, पोलिसाला न्हाई. ज्याच्यापासून लपवायचं, त्याला तेवढं कळलं.

तेजल : मी आजच वर कळवते. सुरक्षित नंबर वेगळा विचारायला लावते. पुढच्या महिन्यात नवीन ॲप येईल.

कस्तुराबाई : पुढच्या म्हैन्यात तिला नववा लागंल.

तेजल : मावशी…

कस्तुराबाई : रडू नको. आता काय भरायचं म्हणतीस?

तेजल : तपासणीला का आली नाही, त्याचं कारण. तीनच पर्याय आहेत. स्थलांतरित, सेवा नाकारली, मृत्यू.

कस्तुराबाई : नवऱ्यानं दडवली, असं न्हाई?

तेजल : नाही.

कस्तुराबाई : न्हाईच भरलं तर?

तेजल : वाडीची यादी पुढं जाणार नाही. उम्मेहानीच्या सोनोग्राफीची तारीखपण अडकेल.

कस्तुराबाई : तिला तरी कशाला अडकवायचं? स्थलांतरित दाब. मेली म्हणून मातुर माज्या हातानं नको.

(तेजल टॅबवर बोट टेकवते.)

तेजल : झालं. प्रतीक्षाचं नाव गेलं यादीतून. आता तिला फोन जाणार नाही, गोळ्या येणार नाहीत, कुणी विचारणारही नाही. आणि हा म्हणतोय, अभिनंदन, काम पूर्ण.

कस्तुराबाई : तुज्या टॅबला आधी गप कर.

तेजल : मावशी, बुवांच्या गोष्टीत शेवटाला देव धावून येतो ना?

कस्तुराबाई : येतो. रोज येतो. मंडपात मीच पयली रडते. तीन आठवडे झालं, सांजच्याला रस्त्याकडं बघत बसते. हितं अजून कोण आलं न्हाई.

तेजल : मी काय करू, सांगा तरी.

कस्तुराबाई : तुजं लोणावळ्याला जाणं-येणं असतं. तिला ध्यानात ठेव. बारकी हाय, सावळी, उजव्या कानाची पाळी फाटलेली. बाजारात कुटं दिसली तर फोन काढू नको, नाव लिवू नको. जेवलीस का बाई, येवढंच इचार.