कापसाचा घरकर

अवं, माह्या कापसानं घरकर भरला, सांगतलं का तुले? भाव पडला होता, म्हणून नेर गावामंदी सलीमभाईची खोली भाड्यानं घेऊन कापूस ठासला. तं नगरपालिकेचा साहेब आला.

"विकाचा माल ठेवला म्हणजे धंदा. आता घराचा नाही, गोदामाचा कर लागन."

सलीमभाई म्हणे, "वाढीव कर तू भर ताई, नाहीतर खोली खाली कर."

मी भडकली. "धंदा कायचा? गिऱ्हाईक फिरकत नाही! साहेब, हा कापूस घरजावई हाय. दिवाळीपासून बसला, हालून नाही राह्यला. घरजावयाले कोणी गोदामात ठेवते का?"

सलीमभाई कानाशी फुसफुसला, "ताई, साहेब खुद घरजावई है!"

मी जीभ चावली. साहेब मात्र पोट धरून हसला.

"घराचाच लिहितो, बाई. घरजावयाचा कर मले विचारा. रोज भरून राह्यलो!"