दीड तासावरचं घर

हात खाली सोडा, जावईबापू — अंगाला चिकटवून नाही, सैल. आणि मान हलवू नका. मान हलली की खांदा उचलतो, खांदा उचलला की बाही आखूड होते, मग तिकडे दक्षिणेत जाऊन सांगाल, सासऱ्याने कोट बिघडवला. सांगाल ना? सांगालच. चाळीस वर्षं या दुकानात माणसं मापतोय, कोण मागे काय बोलणार ते पाठीवरून कळतं मला. आणि कोट कशाला हो? उकाडा असतो म्हणतात तिकडे — काय, ऑफिसात गारठा? म्हणजे बाहेर घाम आणि आत कोट. छान. असल्या ठिकाणी माणसं आपल्या पायांनी जातात, कुणी हाकललेलं नसताना.

बातमी मला कुणाकडून कळली, माहीत आहे? तुमच्या सासूबाईंकडून. काल, भात वाढता वाढता. जावयांची बदली झाली, घर ठरलं, एक तारखेला सामानाला ट्रक येणार. ट्रकसुद्धा ठरला — आणि पोरीने मला ताकास तूर लागू दिली नाही. आज तेवढी घरी आहे, एरवी रोज आठ तास या टेबलापलीकडे उभी असते, कात्री चालवत. आठ तासांत एक वाक्य बसलं नाही? पण तिच्यावर राग नाही माझा. तुमच्यावर आहे. तोंडावर सांगतो, मागे कुरकुरायची सवय नाही मला. वळा.

बरं, शहरात जायचं तर घर तरी शहरात घ्यावं. तुम्ही घेतलंत दीड तास लांब. धड गाव नाही, धड शहर नाही — नव्या इमारती, खाली एक औषधाचं दुकान, समोर मोकळे प्लॉट. सासूबाईंनी फोटो पाहिलेत. नको, मला दाखवू नका, चष्मा घरी राहिलाय. खोल्या मोठ्या, भाडं कमी, म्हणून बायकोला तिथे नेऊन टाकायची? तुम्ही सकाळी सातला निघणार, रात्री नवाला उगवणार. मधले चौदा तास तिने काय करायचं — खोल्या झाडायच्या? इथे नाव आहे तिचं. बायका दारातून विचारतात, ‘ताई आहेत का?’ मी समोर बसलेला असतो, तरी. ‘काका, तुम्ही नको, ताईंनाच बेतू द्या’ — मला सांगतात हे, आणि तिने कात्री धरली ती माझ्याच हाताखाली. वाईट नाही वाटत. वाटतं थोडं, पण ते घरचंच आहे, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

छाती. श्वास सोडा. किती आलं? — वाचा जरा तुम्हीच, उजेड तुमच्या बाजूला आहे. अडतीस? अडतीसच, मला वाटलंच होतं. लिहा वहीत. तुम्हीच लिहा हो, माझे हात गुंतलेत. असं काय बघताय? गेल्या महिन्यात पोर एक दिवस नव्हती, तेव्हा एका मास्तरांची पँट चार बोटं आखूड झाली ती टेपमुळे. टेप जुनी झाली की ताणते, कुणालाही विचारा. म्हणून नवी आणली, तर नवीवर आकडे इतके बारीक छापलेत — बरं, मग? नाही दिसत. दोन वर्षं झाली. डोळ्याच्या पडद्याचं आहे, चष्म्याने भागत नाही म्हणाले डॉक्टर. सासूबाईंजवळ बोलायचं नाही हे. आणि पोरीला कुठे माहीत आहे? मी माप घेतो, आकडा मोठ्याने सांगतो. ती म्हणते, बाबा, मी एकदा टेप लावून बघते हं, उगाच आपलं. बघते आणि मग कापते. म्हणजे मी बरोबरच सांगत असणार. नाही का?

म्हणून म्हणतो, तुम्ही एकटे जा. वर्षभर राहून बघा, लोक राहतात. तिला नेऊ नका. ती गेली तर आठ दिवसांत या दुकानाला कुलूप लागेल, आणि मी घरी बसून काय करू — भिंत बघू? तीही धड दिसत नाही मला.

काय म्हणालात?

पुन्हा सांगा. ऐकू आलं हो, कान शाबूत आहेत — तरी सांगा. दीड तास तुमच्या ऑफिसपासून. आणि तिच्या कारखान्यापासून? तिचा कसला कारखाना? कपड्यांचा. नमुने बेतायचं काम, तिने बेतायचं आणि साठ माणसांनी त्यावर शिवायचं. चालत दहा मिनिटं. अर्ज तिनेच केला होता, चार महिन्यांपूर्वी, आणि त्यांनी घेतलंही तिला — आणि बदली तुम्ही मागून घेतलीत, तिच्या पाठोपाठ. म्हणजे रोज तीन तास बसमध्ये धक्के तुम्ही खाणार. ट्रक तुम्ही ठरवलात, आणि तिने अजून होकारच कळवलेला नाही? उद्या शेवटचा दिवस? का नाही कळवला — नको, राहू द्या. ‘बाबांना आकडे कोण वाचून दाखवणार?’ असंच म्हणाली? हेच शब्द?

कधीपासून माहीत आहे तिला? पहिल्या दिवसापासून.

बूट घाला तुमचे. कोट शिवणार नाही मी. आणि घरी गेल्या गेल्या तिला सांगा, उद्यापासून दुकानात पाऊल टाकायचं नाही. गरज नाही तिची. बाबांनी दुसरा कटर ठेवलाय म्हणावं. कोण कटर? तुम्हाला काय करायचंय कोण ते? आणि हे असं तोंड पाडून सांगायचं नाही, तिला लगेच कळेल, माझी पोर आहे ती. तडकून सांगा. बाप भयंकर चिडलाय म्हणा, दारात उभं करणार नाही म्हणाला. खोटं नाही ते, चिडलोच आहे मी. तुमच्यावर तर आहेच. आज संध्याकाळच्या आत तिचा होकार गेला पाहिजे. निघा आता, उजेड अडवून उभे राहू नका.